मणी उरतात, दोरा उरत नाही

१९४७ साली देशाची वाटणी झाली तेव्हा फौज वाटली गेली, तिजोरीतली शिल्लक वाटली गेली, कचेऱ्यांतली टेबले आणि टंकलेखन यंत्रेसुद्धा वाटली गेली. वस्तुसंग्रहालयांतला ऐवज या हिशेबातून सुटणे शक्य नव्हते. मोहेंजोदडोच्या उत्खननात निघालेल्या वस्तू भारत आणि पाकिस्तान यांच्यात निम्म्या-निम्म्या करायचे ठरले. त्या यादीत गळ्यात घालायचा एक हार होता.

फिकट हिरव्या दगडाचे पिंपाच्या आकाराचे मणी, त्यांच्यामध्ये सोन्याच्या पातळ चकत्या आणि पुढच्या बाजूस सोन्याच्या तारेने अडकवलेली रंगीत दगडांची लोंबती, असा तो हार होता. जॉन मार्शल यांनी या हिरव्या दगडाला जेड म्हटले होते. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा दागिना कोणाच्या वाट्याला द्यावा, यावर तोडगा निघाला तो असा की हारच तोडावा आणि अर्धा-अर्धा घ्यावा. त्याप्रमाणे तो तोडला गेला. मोहेंजोदडोचा कार्नेलियन मण्यांचा एक कमरपट्टा आणि तक्षशिलेचे दोन सोन्याचे हार यांचीही तीच गत झाली. भारताच्या वाट्याचा अर्धा हार आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मराठी घरात मंगळसूत्र 'तुटले' असे म्हणत नाहीत, 'वाढले' म्हणतात. गळ्यातली पोत तुटली तर तो शब्दही तोंडातून काढायचा नाही, इतका तो दोरा जपायचा असतो. अशा समाजाला हार कापून वाटल्याची हकिगत ऐकताना कसेसे होते, यात नवल नाही.

मात्र या हकिगतीत एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वाटणीच्या वेळी जो दोरा तोडला गेला, तो मोहेंजोदडोचा नव्हता. मूळ दोरा मातीत केव्हाच विरून गेला होता. उत्खननात हाती आले ते मणी, चकत्या आणि तार. त्यांचा हार केला तो विसाव्या शतकातल्या माणसांनी, विसाव्या शतकातल्या दोऱ्यात. जगातल्या बहुतेक प्राचीन हारांची हीच कथा आहे. दगड टिकतो, सोने टिकते, शंख-शिंपले टिकतात. कापूस, रेशीम, ताग, चामड्याची वादी यांतले काही टिकत नाही. आणि हार म्हणजे तर मण्यांना दोऱ्याने दिलेला क्रम. क्रम गेला की उरते ते मूठभर मणी.

हा धागा त्या हरवलेल्या धाग्याविषयी आहे. पण त्याच्याआधी मण्यांकडे वळावे लागेल, कारण दोरा ओवायचा तर भोक हवे, आणि त्या भोकापायी माणसाने जे कष्ट उपसले त्याला तोड नाही.

मणी ओवण्याची हौस शेतीहूनही जुनी आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे श. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी मिळाले, नक्षी कोरलेला कवचाचा तुकडाही मिळाला. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. खानदेशात तेव्हा शहामृग हिंडत होते, हे कळले तेही अशा अवशेषांमुळेच. भीमबेटक्याच्या एका दफनात मृताच्या गळ्यापाशी याच कवचाचे मणी होते. घर नव्हते, मडके नव्हते, पेरणी नव्हती. गळ्यात घालायला मणी मात्र होते.

कवच मऊ असते. टोकदार गारगोटीने ते थोड्या वेळात टोचता येते. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी जो दगड निवडला तो अगदी उलट प्रकृतीचा होता. कार्नेलियन हा अकिकाच्या कुळातला लाल दगड. पोलादी सुरीचा ओरखडाही त्यावर उठत नाही, आणि या लोकांकडे तर पोलाद नव्हतेच.

हा दगड मुख्यतः गुजरातेतून येई. भरूच जिल्ह्यात नर्मदेजवळ रतनपूर आहे. तिथल्या डोंगरांत अकिकाचे गोटे जमिनीखाली मिळतात आणि खंभातचे कारागीर शतकानुशतके तिथूनच माल आणत आले आहेत. खाणीतून निघालेला गोटा लाल नसतो. मळकट पिवळा, तपकिरी, धुरकट असा तो असतो. तो उन्हात वाळवतात, मडक्यात घालून राखेत, शेणाच्या गोवऱ्यांच्या किंवा लाकडी भुशाच्या मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाचे रूप उष्णतेने बदलते आणि रंग लालसर होतो. एका भट्टीत मनासारखा रंग आला नाही, तर पुन्हा भाजायचे. घाई केली आणि आच एकदम वाढली, तर गोटा तडकतो. म्हणजे तो 'लाल' रंग निसर्गाने अर्धाच दिलेला असतो, उरलेला अर्धा चुलीचा असतो.

मग दगड फोडायचा. खंभातची पद्धत मोठी चमत्कारिक आहे. टोकदार लोखंडी गज जमिनीत तिरका रोवलेला असतो. कारागीर गोटा त्या टोकावर टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका देतो. टवका उडतो तो ठोका पडला तिथून नव्हे, तर खाली गज टेकला आहे तिथून. असे शेकडो ठोके देत ओबडधोबड गोट्यातून लांबट मणी उकलत जातो. हडप्पाकाळी गज लोखंडाचा नव्हता, तांब्याचा असावा. पण त्या काळच्या टवक्यांवर ज्या खुणा दिसतात त्या याच रीतीच्या आहेत. जोनाथन मार्क केनॉयर, मास्सिमो विदाले आणि बडोद्याचे कुलदीप भान यांनी खंभातच्या कारागिरांजवळ बसून हे काम टिपले आणि उत्खननातल्या कचऱ्याशी ताडून पाहिले. पुरातत्त्वात कचरा फार बोलका असतो. तयार मणी विकला जातो, परगावी जातो, वारसांकडे जातो. टवके मात्र जिथे काम झाले तिथेच पडून राहतात.

त्या कचऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मणी घडवणे हे केवळ मोठ्या कारखान्यांतले काम नव्हते. सिंधमधील चन्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांना १९३५-३६ साली मणीकारांची भट्टी आणि अर्धवट मणी मिळाले, गुजरातेत लोथल येथे एस. आर. राव यांना अंगण, खोल्या आणि भट्टी अशी मांडणी मिळाली. पण हडप्पासारख्या शहरांत मणीकामाचा चुरा राहत्या वस्तीतही विखुरलेला आढळतो. म्हणजे कितीतरी ठिकाणी घर आणि कामाची जागा एकच होती. ज्या अंगणात धान्य कांडले जाई, त्याच्याच एका कोपऱ्यात मणी घासले जात असणार.

घासून झाले की येते भोक. इथे या संपूर्ण कलेची मान अडकलेली होती.

साध्या मण्यासाठी चकमकीच्या दगडाचा बारीक गिरमिट पुरे. लांब कार्नेलियन मण्याला तो टिकत नाही. हडप्पाच्या मणीकारांनी यासाठी एक खास दगड शोधून काढला. हिरवट-करडा, अत्यंत कठीण, तापवून आणखी कडक केलेला. चन्हुदडोला या दगडाचे गिरमिट मॅके यांना सर्वप्रथम मिळाले. पुढे केनॉयर यांनी मॅके यांच्या नावावरून या दगडाला 'अर्नेस्टाइट' असे नाव दिले. गिरमिटाचे टोक किंचित जाड आणि मागचा भाग बारीक, असा त्याचा घाट होता. त्यामुळे भोकात तो अडकून बसत नसे. सुताराच्या सामत्याप्रमाणे कमानीच्या दोरीने तो फिरवायचा, वरून पाण्याची धार धरायची, आणि घासत राहायचे.

केनॉयर यांनी हा प्रयोग स्वतः करून पाहिला. अर्नेस्टाइटच्या गिरमिटाने कार्नेलियनमध्ये तासाला सुमारे अडीच मिलिमीटर भोक पडते. मोठे मणी ६ ते १३ सेंटिमीटर लांबीचे आहेत. एका मण्याचे नुसते भोक पाडायला ३ ते ८ दिवस. भोक एका टोकाकडून सरळ आरपार नेत नाहीत. निम्मे एका बाजूने, निम्मे दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही बोगदे मध्यावर भेटले पाहिजेत. रेषा किंचित तिरपी गेली की आठ दिवसांचे काम आणि दगड दोन्ही वाया.

आता कराचीजवळच्या अल्लाहदिनोकडे पाहावे. वॉल्टर फेअरसर्व्हिस यांनी उत्खनन केलेली ही वस्ती जेमतेम दीड हेक्टरची, एका खेड्याएवढी. १९७६ साली तिथे मातीच्या एका भांड्यात सोने, चांदी, तांबे यांच्या दागिन्यांसह ३६ लांब कार्नेलियन मण्यांचा कमरपट्टा सापडला. केनॉयर यांच्या हिशेबाने असा एक पट्टा घडवायला ४८० दिवसांचे काम लागते. एक माणूस सुट्टी न घेता राबला तरी सव्वा वर्षाहून अधिक. तो पट्टा त्या लहानशा वस्तीत कोणाच्या कमरेला होता आणि तो भांड्यात घालून पुरून ठेवण्याची वेळ का आली, हे भांडे सांगत नाही. पुरणारा परत येऊन ते काढू शकला नाही, एवढे मात्र उघड आहे.

अशा दागिन्याची ऐपत किती जणांची असणार? इथेच हडप्पाच्या सामान्य घरांतली गंमत दिसते. लांब कार्नेलियन मण्याचा घाट भाजक्या मातीत हुबेहूब वठवून त्यावर लाल रंग दिलेले मणी मिळाले आहेत. हातावर मातीची वळकटी करायची, मध्ये काडी घालायची, वाळवून भाजायची की काडी जळून जाते आणि भोक तयार. चारशे ऐंशी दिवसांचे काम एका दुपारीत उरकते. लांबून पाहणाऱ्याला फरक कळायचा नाही, जवळून पाहणाऱ्याला कळायचा, आणि घालणारीला तर तो पहिल्यापासूनच ठाऊक होता. संग्रहालयांत अशा मण्यांपाशी प्रेक्षक थांबत नाहीत. घरी स्वतःच्या हाताने हार करणाऱ्या माणसाचा त्या काळातला पुरावा शोधायचा, तर तो सोन्याच्या चकत्यांपेक्षा या रंगवलेल्या मातीच्या मण्यांत जास्त आहे.

कार्नेलियनवर पांढरी नक्षी काढलेले मणीही हडप्पाचे वैशिष्ट्य. ही नक्षी कोरलेली नसते, ती भाजून उमटवलेली असते. १९३०च्या दशकात मॅके यांना सिंधमधल्या सेहवान येथे ही कला जाणणारा एक वृद्ध कारागीर भेटला. धुण्याचा सोडा आणि एका काटेरी झुडपाच्या कोंबांचा रस यांचा लेप करून त्याने दगडावर रेघा काढल्या, दगड निखाऱ्यात तापवला, पुसला, आणि रेघा कायमच्या पांढऱ्या उमटल्या. इराकमधल्या ऊर येथील राजघराण्याच्या दफनांत लिओनार्ड वूली यांना लांब लाल मणी आणि असे नक्षीदार मणी दोन्ही मिळाले. नर्मदाकाठचा दगड समुद्र ओलांडून तिथे राण्यांच्या अंगावर गेला होता.

शेवटची पायरी झिलईची. खंभातला चामड्याच्या पिशवीत मणी, बारीक पूड आणि पाणी घालून तोंड शिवून टाकत आणि दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी पायांनी एकमेकांकडे लोटत. दिवसच्या दिवस. मणी एकमेकांवर घासून गुळगुळीत होत. आता हे काम विजेच्या पिंपात होते. दगड घासण्याची चाकेही विजेवर चालतात आणि ती अनेकदा घरातच, पडवीत बसवलेली असतात. हातसहाणेवर पाण्याने घासताना उडत नव्हती एवढी कोरडी धूळ या चाकांतून उडते. ती सिलिकेची असते. श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथून निघत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमधला सिलिकोसिस हा वैद्यकशास्त्राला चांगला परिचित असलेला रोग आहे. त्यावर उपचाराने उतारा नाही, त्याच्या जोडीने क्षयही येतो. काम घरात असल्यामुळे तो चाकावर बसणाऱ्यापुरता राहत नाही. त्याच घरात वावरणारी, शेजारी राहणारी माणसेही तीच हवा घेतात. 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' असे खंभातविषयी कौतुकाने लिहिले जाते, तेव्हा या अखंडतेत हेही मोजले पाहिजे.

मणी झाले. आता ओवायचे.

ओवणे हे मणीकाराचे काम असतेच असे नाही. महाराष्ट्रात ते पटवेकऱ्याचे. सोनार मणी, वाट्या, पुतळ्या घडवून देई. त्या रेशमात गाठवून, मागे गोंडा आणि सरकती गाठ करून दागिना गळ्यात घालण्याजोगा करणारा तो पटवेकरी. ठुशीचे बारीक मणी एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत, बोरमाळेतले मोकळे हलले पाहिजेत, मोत्यांच्या दोन दाण्यांमध्ये गाठ पडली पाहिजे, म्हणजे दोरा तुटला तरी एकच दाणा निसटेल. ही सारी विद्या दोऱ्याची आहे, धातूची नव्हे. दागिन्याच्या किमतीत ती कधी धरली जात नाही. घरोघरी काळी पोत ओवणाऱ्या बायकांनाही त्यातला एक भाग अवगत असतो: दोऱ्याच्या टोकाला मेण लावून ते ताठ करायचे म्हणजे सुई नसली तरी चालते, ओवताना मणी परातीत घ्यायचे म्हणजे घरंगळत नाहीत.

हडप्पाच्या माणसांनाही या अडचणी होत्याच, आणि त्यांवरचे उपाय मण्यांतच दिसतात. अनेक सरांचा दागिना असेल तर सर एकमेकांत गुंतू नयेत म्हणून मधूनमधून बहुछिद्री पट्ट्या ओवलेल्या असत. टोकाशी सगळे सर एकत्र आणणारी अर्धगोल किंवा त्रिकोणी मुखे असत: एका बाजूला सहा भोके, दुसऱ्या बाजूला एक. दोरा नाहीसा झाला तरी ही मुखे सांगतात की सर किती होते. प्राचीन हार पुन्हा गुंफणाऱ्याला जो काही भरवशाचा आधार असतो, तो हाच. बाकीचा क्रम मणी मातीत कसे पडले होते त्यावरून ताडायचा.

आणि तो ताडताना मोठमोठ्यांचीही चूक होते. ऊरच्या पूआबी राणीच्या दफनात लाजवर्दाचे हजारो बारीक मणी आणि सोन्याच्या चिमुकल्या प्राणी-वनस्पती सापडल्या. वूली यांनी त्या सगळ्यांचा मिळून एक भव्य शिरपट्टा बांधला. तो छायाचित्रांतून जगभर गेला. पुढे फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात या वस्तू नव्याने तपासल्या गेल्या तेव्हा असे दिसले की हा एक दागिना नसून अनेक निरनिराळे दागिने असावेत. म्हणजे अनेक वर्षे लोक ज्याकडे राणीचा अलंकार म्हणून पाहत होते, त्याची गुंफण खुद्द वूलींची होती. वूली काळजीपूर्वक काम करणारे होते, हे लक्षात घेतले म्हणजे इतरांच्या हारांविषयी काय म्हणावे!

तर दोरा मिळाला तर किती बरे होईल, असे पुरातत्त्वज्ञाला वाटणारच. आणि क्वचित तो मिळतो. मिळतो तो सोन्यामुळे नाही, कार्नेलियनमुळेही नाही. तांब्यामुळे.

ओलसर मातीत तांबे गंजते, त्यावर हिरवा थर चढतो. तांब्याचे हे क्षार कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक असतात. मण्याच्या भोकात अडकलेला दोऱ्याचा तुकडा म्हणूनच कुजत नाही. उलट क्षार हळूहळू त्याच्या तंतूंत शिरतात आणि तंतूंचा जणू धातूचा ठसा तयार होतो. तांब्याचा मणी हा दागिना म्हणून स्वस्त आणि साधा. गंजून तो ओळखू येईनासा होतो. पण आपल्या पोटातला दोरा तोच सांभाळतो.

बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ आहे. तिथल्या नवाश्मयुगीन दफनभूमीत एक पुरुष कुशीवर पाय दुमडून निजवलेला होता, त्याच्या पायांशी एक-दोन वर्षांचे मूल होते, आणि पुरुषाच्या डाव्या मनगटापाशी तांब्याचे आठ मणी होते. काळ इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकाचा पूर्वार्ध. यांतला एक मणी धातूच्या तपासणीसाठी कापला गेला. पाहायचे होते तांबे कसे घडवले ते; आत निघाला दोरा. सूक्ष्मदर्शकाखाली तो कापसाचा ठरला. २००२ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि कापसाच्या वापराचा इतिहास एका झटक्यात हजार वर्षांहून अधिक मागे गेला. जुन्या जगातला आजवर माहीत असलेला सर्वांत जुना कापूस कापडात नव्हता, तो मणी ओवायच्या दोऱ्यात होता.

रेशमाचेही तसेच झाले. रेशीम म्हणजे चीन, हे समीकरण इतके पक्के की दुसरा विचार कोणी करत नसे. हडप्पाच्या लोकांचे शंखजिऱ्याचे सूक्ष्म मणी प्रसिद्ध आहेत. शंखजिरे मऊ दगड; तो कापून, टोचून, मग भट्टीत भाजला की पांढरा आणि कठीण होतो. या मण्यांचा व्यास जेमतेम एक मिलिमीटर, मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी. ते हजारोंनी मिळतात आणि चाळणीची जाळी जरा मोठी असली तर मातीबरोबर निघूनही जातात. एवढ्याशा मण्यातून जाईल असा बारीक आणि तरीही पक्का दोरा कोणता, हा प्रश्न होताच. २००९ साली आयरीन गुड, केनॉयर आणि रिचर्ड मेडो यांनी त्याचे एक उत्तर प्रसिद्ध केले. हडप्पा येथील तांब्याच्या तारेच्या दागिन्यांत आणि चन्हुदडोच्या शंखजिऱ्याच्या मण्यांच्या भोकांत रेशमाचे तंतू मिळाले होते. काळ सुमारे इ.स.पू. २४५० ते २०००. चिनी पाळीव किड्याचे ते रेशीम नव्हते. भारतीय उपखंडातल्या रानकिड्यांचे, टसरसारखे होते.

मोहेंजोदडोच्या बाबतीतही अशी एक निशाणी मिळालीच होती. दागिने ठेवलेल्या चांदीच्या एका भांड्याला कापडाचे तुकडे चिकटून राहिले होते. मुंबईत माटुंग्याच्या कापूस-संशोधन प्रयोगशाळेत टर्नर आणि गुलाटी यांनी ते तपासले आणि तो कापूस असल्याचे सांगितले. हे १९२०च्या दशकातले काम. सुमारे तीन दशकांनंतर त्याच गुलाटींपुढे आणखी एक तंतू आला. तो मात्र सिंधूकाठचा नव्हता, प्रवराकाठचा होता.

१९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी नेवासे येथे उत्खनन करत होते. नेवासे मराठी माणसाला ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक असते. सांकलियांना तिथल्या टेकाडात त्याच्याही अडीच हजार वर्षे मागची, ताम्रपाषाणयुगीन वस्ती मिळाली. कुडाच्या भिंती, चोपलेल्या मातीच्या जमिनी, लाल रंगावर काळ्या नक्षीची जोर्वे पद्धतीची भांडी. या लोकांमध्ये लहान मूल दगावले तर त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन रांजण घेत, त्यांची तोंडे एकमेकांना जोडून आडवे ठेवत, आत मूल निजवत, आणि हे सारे राहत्या घराच्या जमिनीखाली, दक्षिणोत्तर पुरत.

अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी हिरवे पडून गेले होते. त्यांच्या आत दोरा शाबूत होता. गुलाटींनी तो तपासला. दोरा कातलेला होता आणि त्यात दोन प्रकारचे तंतू एकत्र होते: कच्चे रेशीम आणि कापूस.

या गावात कार्नेलियनचा लांब मणी नव्हता, मुखे नव्हती, सोन्याच्या चकत्या नव्हत्या. तांबेही दुर्मीळ होते, दूरवरून यायचे. बहुतेक हत्यारे अजून दगडाचीच होती. त्या तांब्यातले थोडे खर्ची घालून एका मुलासाठी मणी वळले गेले. पत्र्याची बारीक पट्टी वाकवून गोल केली की मणी होतो, त्याला सामता लागत नाही. दोरा मात्र कोणीतरी बसून काढला. रानातून रेशमाचे कोसले वेचून आणायचे, त्यांचे तंतू सोडवायचे, कापूस पिंजायचा, दोन्ही बोटांत धरून पीळ द्यायचा. नुसत्या कापसाच्या दोऱ्यानेही मणी ओवता आले असते. रेशीम मिसळले की दोरा घासून तुटत नाही, आणि मुलांच्या गळ्यातल्या माळा तर सारख्या ओढल्या जातात.

माळ न उतरवता मुलाला रांजणात ठेवले गेले. वरची जमीन पुन्हा चोपून सारखी केली गेली. वरचा संसार पुढे चालला. खाली तांबे गंजू लागले.